उशिरा उमटणारा ठिपका

धाकट्या दिराच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा बाईंची तक्रार एवढीच होती की तो फार रेंगाळतो.

"आठ वर्षांचा झाला. वय झालंय त्याचं," त्या म्हणाल्या. "जरा हातपाय हलवेल असं बघा."

"वहिनी, तुम्ही त्याला कधी एक दिवस सुट्टी दिलीत का?" दिराने काउंटरमागची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

बाई एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुलांचे कान तपासत. खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि बारीकसा आवाज आला की दाब म्हणायचं. दाबलं की पडद्यावर हिरवा ठिपका उमटे. आवाजानंतर दीड सेकंदात ठिपका आला नाही, तर मुलाला ऐकू आलं नाही असं धरून प्रोग्रॅम पुढे सरके. काम तेवढंच. पण त्यावरून मुलाला वर्गात कुठे बसवायचं, कानाला मशीन लावायचं का, हे ठरत असे.

दिराने मागचं झाकण उघडलं. पंख्यात धुळीचा जाड थर जमला होता, तो काढला. प्रोसेसरला गार ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. लॅपटॉप सुरू करून त्याने वेग दाखवणारी खिडकी उघडली. चोवीसशेपर्यंत जायला हवा असलेला आकडा आठशेवर बसला होता.

"तापला म्हणून दमतोय म्हणावं, तर गार आहे," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने वीज वाचवण्याची सेटिंग तपासली. कुणी वेगाला लगाम घातला असेल तर तो तिथे दिसायचा. तिथे सगळं मोकळं होतं. तरी त्याने एकेक पर्याय बदलून पाहिला, लॅपटॉप दोनदा बंद करून सुरू केला. आकडा आठशेवरून तसूभर हलला नाही.

मग काहीतरी आठवल्यासारखं त्याने चार्जरची पिन उपसली. आकडा उडी मारून चोवीसशेवर गेला. पिन खोचली, पुन्हा आठशे.

"हा चार्जर कुठला?"

"जुन्याची वायर तुटली. रस्त्यापलीकडच्या दुकानातून आणला. चालतो की."

"चार्ज होतं, पण लॅपटॉप ह्याला ओळखत नाही. वीज पुरेल की नाही याची खात्री नाही, म्हणून तो प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो." दिराने कपाटातून बरोबर जोडीचा चार्जर शोधून लावला. आकडा वरच राहिला. "झालं. घ्या तुमचा तरुण."

बाई उठल्या नाहीत.

"भाऊजी, तो खालच्या वेगावर असताना बटण दाबलं, तर ठिपका किती उशिरा येईल?"

त्याने आधीचा चार्जर पुन्हा लावला. बाईंनी पिशवीतून बटण काढून जोडलं, प्रोग्रॅम सुरू केला आणि दाबलं. दोघं पडद्याकडे बघत राहिले. ठिपका आला तो जवळजवळ एका सेकंदाने.

चपळ मूल अर्ध्या सेकंदात दाबतं. जे बुजरं असतं, बरोबर ऐकलं ना असा विचार करून दाबतं, त्याला एक सेकंद लागतो. अशा मुलांचा प्रत्येक ठिपका दीड सेकंद उलटून गेल्यावर येणार होता.

"चार्जर कधी घेतला?" दिराने हळू आवाजात विचारलं.

"तीन आठवडे झाले." बाईंनी वही काढली. सेहेचाळीस मुलं. त्यांतल्या अकरा जणांना कमी ऐकू येतं असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं. एरवी एवढ्या मुलांत दोन-तीन निघत. सर्दीचे दिवस आहेत, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

बाईंनी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अकरा जणांना बोलवून घ्या. फेरतपासणी असते म्हणा. कारण सांगत बसायची गरज नाही."

बाईंनी दुपारभर फोन केले आणि प्रत्येकाला कारण सांगितलं. काही जण हुश्श म्हणाले. एका वडिलांनी त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच फोन ठेवला.

सहावा फोन शिवणकाम करणाऱ्या एका आईला होता. तिची मुलगी सात वर्षांची. तपासणीच्या दिवशी ही आई म्हणाली होती, "घरी तर मी शेजारणीशी कुजबुजलेलंही हिला कळतं." त्यावर बाई म्हणाल्या होत्या, सगळ्याच आयांना असं वाटतं. ते वाक्य त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं.

"माझी चूक झाली," त्या फोनवर म्हणाल्या. "यंत्राची होती, पण यंत्र माझ्या ताब्यात होतं."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "उद्या आणते," एवढंच उत्तर आलं.

मुलगी आली ती आईच्या ओढणीला धरून. बाईंनी विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?" मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई वाकून मोठ्याने तेच म्हणाली, तेव्हा तिने मान हलवली.

"तीन आठवडे आम्ही सगळे हिच्याशी असंच ओरडून बोलतोय," आई म्हणाली. "शाळेत बाकावरच्या मैत्रिणी हातवारे करतात. आता हीच म्हणते, मला ऐकू येत नाही."

हेडफोन चढवला. पहिला आवाज गेला. मुलीचा अंगठा बटणावर टेकला आणि थांबला. तिने बाईंकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होती. तिला ऐकू आलं होतं. ऐकू आलं यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

बाईंनी प्रोग्रॅम थांबवला. हेडफोन काढून त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. तोंडापुढे कागद धरून, ओठ दिसणार नाहीत अशा बेताने, त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुझ्या वेणीची रिबीन सुटलीय."

मुलीचा हात वेणीकडे गेला. रिबीन घट्ट बांधलेली होती. ती जरा रागावून म्हणाली, "नाही सुटली."

आईने तोंड फिरवलं आणि ओढणीने डोळे पुसले.

तपासणी पुरी व्हायला त्या दिवशी एक तास लागला. दोन्ही कान उत्तम होते. अकरांपैकी आठ जण असेच निघाले. तिघांना खरोखर कमी ऐकू येत होतं, त्यांची कागदपत्रं बाईंनी पुन्हा लिहिली.

निघताना आई दारात थांबली. बाईंना वाटलं, आता ती बोलेल, आणि त्यांनी ऐकून घ्यायची तयारी ठेवली.

"शाळेला लिहून द्या," आई म्हणाली. "आणि चूक कुणाची होती, तेही लिहा."

बाईंनी तिच्यासमोरच लिहिलं, सही केली, कागद तिच्या हातात दिला. आईने तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि मुलीला हाक मारली, नेहमीच्या आवाजात.