आराखड्यातून पुसलेला बाण

मी एक जुना बाण आहे. मित्रांनो, धनुष्याचा नव्हे. रामरायाच्या भात्यात जागा मिळण्याचं भाग्य माझं कुठलं! मी संगणकातल्या कामाच्या आराखड्यावरची एक बारीक निळी रेघ. आधीचं काम संपल्यावरच पुढचं सुरू करा, एवढंच सांगायला मी जन्मलो.

जन्म २००६ सालचा, चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या एका कचेरीतला. एका इस्पितळाच्या रक्तपेढीसाठी नवी संगणक-व्यवस्था तयार होत होती. कौमुदीच्या गटाने रक्तगटांची यादी पक्की करायची. मग नुंगंबाक्कमला बसणाऱ्या पद्मनाभच्या गटाने रक्ताच्या पिशव्यांची लेबलं छापायची सोय करायची. आराखडा सांभाळणारे उमाकांतराव रविवारी कीर्तनात झांज धरायचे. कौमुदीच्या कामापासून पद्मनाभच्या कामापर्यंत मला ओढून ते म्हणाले, "बुवांनी पद उचलल्याशिवाय झांज वाजवायची नाही. इथे घाई केली तर माणूस दगावेल."

मी इमानाने राबलो. कौमुदीचं काम एक दिवस लांबलं, की पद्मनाभचंही मी एक दिवस पुढे ढकलायचो. "हा आहे म्हणून मला झोप लागते," असं उमाकांतराव कौतुकाने म्हणायचे.

मग इस्पितळाच्या जुन्या नोंदी जुळेनात. कौमुदी नऊ दिवस मागे पडली. मी माझं काम केलं. उद्घाटनाची तारीख हुकणार असं दिसू लागलं आणि आराखडा तांबडाभडक झाला. दुसऱ्याच दिवशी प्रमुख विजयलक्ष्मी मॅडम तो इस्पितळाच्या मंडळींना दाखवणार होत्या.

मूळच्या तंजावरकडच्या पद्मनाभचा फोन आला. "अय्यो उमाकांतराव, देवीचा कुंकवाचा करंडा सांडला की काय! तो बाण काढा की. आम्ही जुन्या यादीवर सुरू करतो."

"अरे, बाण काढून कौमुदीचं काम थोडंच संपणार?"

"संपणार नाही, पण दिसणारही नाही!"

उमाकांतराव हसले. मग त्यांनी मला निवडलं आणि एक कळ दाबली. आराखडा हिरवागार झाला. बैठकीत त्यांची पाठ थोपटली गेली म्हणे. मी मात्र एका जुन्या प्रतीत पडून राहिलो. विचारायला कोणी फिरकलं नाही.

मधल्या काळात कौमुदीने यादीतले रक्तगट ओळखायचे क्रमांक बदलले. पद्मनाभला कळवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण आराखड्यावर त्या दोघांचं आता नातंच उरलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी रक्तपेढीतल्या वसंताअम्मांनी एक पिशवी उचलून उमाकांतरावांसमोर धरली.

"हिच्यावर मी माझ्या हाताने 'बी' लिहिलंय. तुमचं लेबल 'ए' म्हणतंय. कोणाचं खरं मानू?"

"तुमचं, अम्मा."

"आणि माझं अक्षर पुसट असतं तर?"

कचेरीत परतून उमाकांतरावांनी जुनी प्रत उघडली, मला पुन्हा जागेवर बसवलं आणि तो तांबडा आराखडा मॅडमसमोर ठेवला.

"बाण मी पुसला होता, मॅडम."

"तारीख जाईल, उमाकांत."

"जाऊ दे."

"आराखडा उद्यापासून दुसऱ्याकडे देते."

"द्या. पण हा बाण त्यांनाही पुसू देऊ नका."

पुढे यादी पक्की झाली, तेव्हा कौमुदी निरोप धाडून थांबली नाही. कागद घेऊन, बस पकडून ती नुंगंबाक्कमला गेली. एकेक क्रमांक तिने वाचला, पद्मनाभने मागून म्हटला. त्याने एकही थट्टा केली नाही. मगच लेबलं छापली गेली आणि वसंताअम्मांनी प्रत्येक पिशवी पडताळून होकाराची मान डोलावली.

मित्रांनो, तांबडा रंग मी आणत नाही. उशीर आधीच झालेला असतो. मी तो दाखवतो एवढंच. माझा राग आला तर खुशाल रागवा. पण मला पुसण्याआधी उठा आणि माझ्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते जाऊन पाहून या.