रुख्माची टाच

गुरुजींनी पाठीमागून पितळी थाळीवर पळी मारली आणि धनवंता गर्रकन वळली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घंटी वाजवली, ती पुन्हा वळली. टाळी वाजवली, तरीही वळली.

"हिला ऐकू येतं," शालीकराम गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

सन अडतीसची गोष्ट. गुरुजी नागपूरच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतून आले होते. गोंदियाचे नंदलाल शेठ दरवर्षी एका बहिऱ्या लेकराचा तिथला सगळा खर्च उचलत. त्यांचा धाकटा भाऊ बहिरा होता. रुळावरून चालताना मागून आलेली गाडी त्याला कळली नाही. त्याच्या नावाने हा धर्म चालला होता. पण गेल्या साली कुणीतरी चांगल्या कानाचं पोर बहिरं म्हणून खपवलं, फुकटच्या जेवणाकपड्यांसाठी. तेव्हापासून शेठ येणाऱ्या प्रत्येकाकडे चोराकडे बघावं तसं बघत.

धनवंताला मी आणलं होतं. गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावात मी मास्तरीण होते आणि ही नऊ वर्षांची पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली होती. तिच्या कानाशी कितीही कोकललं तरी तिची पापणी लवत नसे, हे मी देवळात उभं राहून सांगितलं असतं. त्या शाळेत दहाच्या आतलीच मुलं घेत. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आणि निवडलेलं पोर घेऊन गुरुजी ज्या गाडीने नागपूरला परतणार होते, ती सुटायला जेमतेम दोन तास उरले होते.

शेठसमोर ही परीक्षा चालली होती ती त्यांच्या धर्मशाळेची माडी सागवानी फळ्यांची होती. संतापाने मी मान खाली घातली आणि तेव्हाच मला दिसलं. दाराशी उकिडवी बसलेली रुख्मा, धनवंताची आई, लुगड्याच्या काठाखाली हळूच टाच आपटत होती. फळी थरथरली की अनवाणी पोरीच्या तळव्यांना कळत होतं, आणि ती शहाण्यासारखी वळत होती.

मी रुख्माला दंडाला धरून जिन्यात ओढलं; तिचा पदर धरून पोरगीही मागे आली. "टाच कायले आपटून राहिलीस?"

"घरी असंच करतो ना, बाई. कोणी हाक मारली का पाय आपटाचा, मंग ती पायते."

"अगं पण इथे काऊन?"

"ठार बयरी पोरगी कोण घेईन? कामाची नाही म्हनतीन. मले वाटलं, जराशी चलाख दिसली पायजे."

डोक्याला हात लावावा की तिच्या पाठीत एक धपाटा घालावा, मला कळेना. पाहुण्यांना मुलगी दाखवतात तशी हिने पोर दाखवली होती, व्यंग झाकून. ज्या व्यंगासाठी आम्ही एवढ्या लांब आलो, तेच झाकून!

पण मी धरलेल्या दंडावर माझ्या बोटांना जुन्या जखमेचे व्रण लागले आणि माझा राग ओसरला. गेल्या चैत्रात दोघी मोहफुलं वेचत असताना अस्वल आलं होतं. रुख्माने पाय आपटला, पण पाचोळ्यात तो पोरीला कळलाच नाही. मग ही धावली आणि पंजा स्वतःच्या दंडावर घेतला. जखम बांधलेल्या हातानेच ती माझ्या दारात आली होती. "बाई, मी नसन तवा हिले कोण सांगन?" एवढंच म्हणाली. म्हणून तर मी शेठना पत्र लिहिलं.

वर जाऊन मी सगळं खरं सांगून टाकलं. शेठ उसळले. "झूठ! अभी एक बात, अभी दूसरी! पैर से कोई सुनता है क्या?"

"ऐकत नाही, शेठजी, पण कळतं," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे मुलांना जेवायला बोलवायचं तर मी फळीच ठोकतो. आणखी एकदा बघू या. आई खाली जाऊ दे."

रुख्मा तीन पायऱ्या उतरली नसेल तोच धनवंता अशी काही किंचाळत तिच्यामागे धावली की सगळी माडी गोळा झाली. आईशिवाय ती उभी राहीना, बसेना. शेठ घड्याळ बघू लागले.

शेवटी गुरुजींनीच तोड काढली. शेठची कापसाची जाड गादी भिंतीजवळ टाकायला लावली. रुख्माने तिच्यावर भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसायचं आणि पोरीला मांडीवर घ्यायचं.

"गादीतून फळी कळणार नाही," गुरुजी तिच्यासमोर वाकून म्हणाले. "पण तू दचकलीस, अंग चोरलंस, तरी तुझ्या अंगातून तिला कळेल. ती वळली की मला काही करता येणार नाही. समजलं?"

"नाही हालत," रुख्मा म्हणाली.

थाळी वाजली. वाजणार हे माहीत असूनही मी दचकले. धनवंता आईच्या हातातली गिलटाची कडी वरखाली करत होती. घंटी वाजली, काही नाही. गुरुजींनी कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली. कडी तशीच वरखाली होत राहिली. गुरुजींनी वही उघडली, टाक उचलला.

"ठहरो," शेठ म्हणाले. ते चपला काढून चवड्यांवर गादीमागे गेले आणि एकदम जिवाच्या आकांताने ओरडले, "साँप! अरे बाई, तेरे पैर के पास साँप!"

माझं वय तेव्हा पंचेचाळीस. मी एका उडीत बाकावर होते. गुरुजींच्या हातून टाक पडला, खालून दरवान काठी घेऊन धावत आला.

रुख्मा हलली नाही.

तिचे डोळे गच्च मिटलेले होते, कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, पण तिने तो पुसला नाही. श्वाससुद्धा घेत नव्हती बहुतेक. तिच्या मांडीवर धनवंताने एक कडं पार कोपरापर्यंत सरकवलं आणि स्वतःशीच हसली.

शेठ बघत राहिले. मग मटकन खाली फळ्यांवरच बसले. "मेरा भाई भी ऐसे ही बैठा रहता था," ते म्हणाले. मग नाक शिंकरून बोलले, "लिखो गुरुजी, लड़की का नाम लिखो."

"आणि साप?" मी बाकावरूनच विचारलं.

"साँप नहीं है."

मला असा संताप आला! दानधर्म करणाऱ्याचा मान ठेवावा वगैरे सगळं मी विसरले. "लाज नाही वाटत तुम्हाला?" मी म्हणाले. गुरुजींनी घाईघाईने नाव लिहून घेतलं, न जाणो कुणाचं मन पालटलं तर.

मी बाकावरून उतरून रुख्माजवळ गेले. तिने आत्ता कुठे डोळे उघडले होते. ते नाटक आहे हे तिला कसं कळलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

"तुला ठाऊक होतं का गं, साप नाही ते?"

"नाही, बाई."

"मग? खरंच असता तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडगळ विचारत होते.

"असता त् मले चावला असता. पोरगी त् मांडीवर होती."

गाडीला अजून तासभर होता. मी दरवानाकडून पाणी मागवलं, तिने ते पोरीला पाजलं. उठ म्हटलं तरी रुख्मा उठली नाही. निघायची वेळ होईपर्यंत ती तशीच मांडी घालून बसून राहिली, धनवंताला घेऊन.