सुईवरचा भुगा

लढाईच्या शेवटच्या वर्षी सगुणाबाई मार्गासनीहून भोरला माझ्या दुकानात आल्या आणि पदराखालून त्यांनी एक तबकडी काढली. त्यांचा मुलगा ज्ञानू पलटणीत होता. छावणीत जवानांचे निरोप पातळ, मऊ तबकड्यांवर भरून घरी पाठवत. तबकडी आली आणि पंधरा दिवसांत ज्ञानू कामी आल्याची तार आली.

"मला कानानं कमी आईकू येतंया," त्या म्हणाल्या. "पाटलाच्या फोनोवर नुसती गुणगुण आली. मोठा आवाज करून द्या, मास्तर. एकदा आईकू द्या."

भोरात लाउडस्पीकर जोडणारा मी एकटा, आणि त्याचा मला माज होता. दिवाळीपर्यंत देतो म्हणालो.

आधी एकच मोठा स्पीकर लावला. आवाज दांडगा झाला, पण ज्ञानू रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. म्हणून वर लहान कर्णा जोडला. शब्द सुटे झाले, पण दोघे सगळंच एकदम बोलू लागले नि गोंधळ उडाला. मग कॉइल आणि कंडेन्सर घालून वाटणी केली, जाड आवाज मोठ्याकडे, बारीक कर्ण्याकडे. ती नेमकी कुठे करायची यात आठ दिवस गेले. मधल्या आवाजासाठी तिसरा स्पीकरही लावून पाहिला. आणखीच बिघडलं, काढून टाकला.

दर खेपेला ज्ञानूचीच तबकडी लावायचो. दुकानात दुसऱ्या रेकॉर्डी पडून होत्या, पण ज्याचा आवाज ऐकवायचा त्याच्यावरच जुळवणी करायची, हा माझा हट्ट. सुईच्या टोकाशी काळा भुगा जमायचा, तो मी फुंकून टाकायचो. आवाज रोज थोडा मंद व्हायचा आणि मी मूर्ख वाटणीतच चूक शोधत बसायचो.

ठरल्या दिवशी सगुणाबाई आल्या. मी सुई ठेवली. कर्ण्यातून स्वच्छ खरखर आली. मोठ्या स्पीकरातून काहीच आलं नाही. त्या कर्ण्याला कान लावून तबकडी संपेपर्यंत बसून राहिल्या.

"बोलला का?" त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "लावून लावून माझ्या हातून झिजली. पण तो काय बोलला ते मला पाठ आहे." आणि सांगितलं, आये, पायाला लागलं होतं, आता बरं हाय. तांबडी गाय इकू नको. मी येतो.

"गाय हाय अजून," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमी किती डाव आईकलं त्याला?"

"चाळीसेक वेळा."

"मग सांगा की, आवाज कसा व्हता? थकल्यावानी व्हता का?"

त्याचा जाड आवाज कुठे संपतो आणि बारीक कुठे सुरू होतो, हे मी सांगू शकलो असतो. तो थकला होता का, हे मी एकदाही ऐकलं नव्हतं.