आईंचा बंदा रुपया

माझा नवरा सुजीत टूथब्रश घ्यायचा असला तरी आधी पन्नास जणांचे रिव्ह्यू वाचतो. त्यामुळे त्याने बाबांसाठी मेटल डिटेक्टर घ्यायचं मनावर घेतलं तेव्हाच मी म्हटलं होतं, की बाबा पुण्याला परत गेल्यावर मशीन घरात येईल. अगदीच तसं झालं नाही. बाबांचं विमान सोमवारी सकाळी होतं आणि मशीन शनिवारी आलं.

बाबा म्हणजे माझे सासरे, राजाभाऊ. आमच्याकडे दुबईला, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये महिनाभर राहायला आले होते, तेही सासूबाईंनी ढकललं म्हणून. आईंची फुफ्फुसं पार थकली आहेत. दोन वर्षं त्या ऑक्सिजनच्या नळीला बांधलेल्या आणि बाबा त्यांना. "समिधा राहील माझ्यापाशी. तुम्ही जा, नातीला बघा, जरा मोकळा श्वास घ्या," असं त्याच म्हणाल्या. समिधा माझी नणंद.

निघताना आईंनी बाबांच्या हातावर दही घातलं आणि मग रुपया ठेवला. आईंच्या माहेरून आलेला, चांदीचा, राणीछाप बंदा रुपया. एरवी तो देव्हाऱ्यात असतो. घरातलं कुणी लांब निघालं की त्याच्या हातावर ठेवायचा, आणि परत आल्यावर त्याने चपला काढायच्या आधी तो आईंच्या हातावर ठेवायचा. सुजीत पहिल्यांदा दुबईला आला तो हाच रुपया घेऊन. आमच्या लेकीच्या, मिहिकाच्या वेळी ऑपरेशनला नेलं तेव्हा माझ्या उशाखाली हाच होता. रुपया माणसाला परत आणतो, असं आई म्हणतात. मी असल्या गोष्टींना हसते. पण पुण्याहून निघताना एकदाही तो न घेता निघाले नाही.

रोज संध्याकाळी आईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या आपला तळवा कॅमेऱ्यासमोर धरायच्या आणि "ठेवा" म्हणायच्या. बाबा रुपया कॅमेऱ्याला दाखवायचे, मग काचेवर, दिसणाऱ्या तळव्याच्या बरोब्बर मध्ये ठेवायचे. दोन म्हाताऱ्यांचा भातुकलीचा खेळ. मी सुजीतला डोळा मारायचे, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसायचे.

आम्ही ऑफिसला गेलो की बाबा दिवसभर एकटेच. जमिनीतून जुनी नाणी काढणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा त्यांना नाद लागला. नाण्यांची आवड त्यांना पहिल्यापासून होतीच. ते बघून सुजीतच्या अंगात आलं. मग तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर तोच विषय. खेळण्यातलं घ्यायचं, की महागडं, की मधलं? पाण्यात चालतं का? खाऱ्या वाळूत उगाच बोंबलतं का? देरा बाजारातल्या मशीनच्या दुकानातला मुनीर तर याला बघून काउंटरखाली लपायचा बाकी होता. शेवटी मधलं आलं.

"साडेआठशे दिरहॅम, म्हणजे साधारण वीस हजार रुपये," सुजीत म्हणाला. "पण स्क्रीन बघा बाबा! लोखंडाला लहान नंबर, चांदीला मोठा. खणायच्या आधीच कळतं."

"आणि खरंच काही जुनं निघालं तर? इथे चालतं का ते?" मी विचारलं.

"तसलं काही उचलायचंच नाही. आपलीच नाणी पुरायची, आपणच काढायची. जस्ट टेस्टिंग."

हॉलमध्ये मशीन सुरू केलं तर ते सगळीकडेच ओरडायला लागलं. फरशीखाली सळया. भारतातलं दोन रुपयांचं नाणं पलंगावर ठेवून बघितलं, तर स्क्रीनवर खिळ्याचा नंबर. सुजीतने मुनीरला फोन लावला.

"सर, आजकल के सिक्के स्टील के हैं, मशीन क्या करेगा? बाहर साफ रेत में जाओ, चांदी का पुराना कुछ रखो, फिर देखो."

चांदीचं जुनं घरात एकच होतं.

रविवारी सकाळी अल ऐन शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळून एका मोकळ्या वाळूत गाडी लावली. पराठे होते, चटई होती, मिहिका कानात हेडफोन घालून बसली होती. बाबांनी शर्टाच्या खिशातून रुपयाची थैली काढली.

"बाबा, हा नको," मी म्हटलं.

"अगं वैभवी, जमिनीत ठेवला तर काय पाय फुटणार आहेत त्याला?"

पहिल्यांदा चार बोटं खोल पुरला. सुजीतने वरून मशीन फिरवलं आणि ते असं गोड वाजलं की बाबांनी टाळी दिली. स्क्रीनवर मोठा नंबर. बाबांच्या तोंडावर मी महिनाभरात एवढा आनंद पाहिला नव्हता. तिथे थांबायचं होतं. पण सुजीत कसला थांबतो!

"आता वीतभर खोल, बाबा. मशीनची खरी परीक्षा होऊ दे."

बाबांनी गुडघ्यावर बसून कोपरापर्यंत हात घातला, वाळू लोटली, वरून हात फिरवून सारखी केली. तेवढ्यात मिहिका आली. "मम्मा, आय ॲम स्टार्व्हिंग." आधी खाऊन घेऊ म्हणून सुजीतने खुणेला आपली चप्पल तिथे ठेवली. बाबा एवढे चिडले! "लक्ष्मीवर चप्पल ठेवतोस? तुझ्या आईने बघितलं असतं तर?" त्यांनी चप्पल दूर भिरकावली, खिशातला धुतलेला पांढरा रुमाल त्या जागी पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाळू घातली. मला ते बरोबरच वाटलं. मीही चप्पल ठेवली नसती.

गाडीच्या आडोशाला बसून जेवलो. मध्येच वारा सुटला. दोन-चार पोरं वाळूत पळणाऱ्या चारचाकी क्वाड बाइक घेऊन आली, उंचवट्यावरून भर्रकन वरखाली गेली आणि निघूनही गेली. आम्ही पराठ्यांवर वाळू बसू नये म्हणून डबे झाकत होतो. मग बाबा पाणी प्यायला उठले आणि उभेच राहिले. त्यांचा रुमाल पलीकडच्या काटेरी झुडपाला अडकून फडफडत होता.

धावत गेलो तर जागाच नव्हती. म्हणजे सगळीकडे जागाच होती. टायरच्या खुणा, त्यांच्यावर वाऱ्याने नव्या घड्या घातलेल्या. आमच्या पावलांचा मागमूस नाही. सुजीत म्हणाला इथे, मी म्हटलं तिथे, बाबा म्हणाले गाडीच्या सरळ रेषेत. भिरकावलेली चप्पलही सापडेना.

"टेन्शन घेऊ नका बाबा. मशीन आहे ना!"

मशीन होतंच. ते वाजलं आणि बाटलीचं झाकण निघालं. पुन्हा वाजलं, फॉइल निघाली. तंबूचा खिळा निघाला, जळक्या कोळशातून जाळीची तार निघाली. साऱ्या दुबईने इथे येऊन बार्बेक्यू केलं असावं. मुनीरला फोन केला.

"चांदी है तो बोलेगा, भाई. लेकिन मशीन उसके ऊपर से तो जाना चाहिए ना. मिल जाएगा, इन्शाल्ला."

दुपार गेली. सुजीत पायाने चौकोन आखत होता आणि वारा ते पुसत होता. बाबांनी मशीनचा नाद सोडला, ते रांगत ओंजळीने वाळू चाळायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं सुजीतला चांगलं सुनवायचं मी ठरवलं होतं. पण त्याचं तोंड बघितलं आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. मलाही रडू येत होतं. उद्या हा माणूस पुण्याच्या दारात उभा राहून आईंच्या हातावर काय ठेवणार?

सूर्य खाली आला तसा फोन वाजला. बाबांनी घाईघाईने माझ्याकडे हात पसरला. मी पर्समधून एक दिरहॅम, अरबी किटलीचं चित्र असलेला, काढून दिला. दुसरं काय देणार होते?

आईंचा तळवा पडदाभर आला. "ठेवा."

बाबांनी दिरहॅम लांबूनच दाखवला आणि पटकन काचेवर ठेवला.

"अहो, ही किटली कसली त्याच्यावर?" आई म्हणाल्या. "माझा कुठाय?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. "शोभना, वाळूत पुरला होता. मशीन बघायला. आता सापडत नाही."

पलीकडे ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मी म्हणणार होते, आई, जाऊ दे, बाबा तर येताहेत ना.

"म्हणजे तिथेच आहे," आई दम घेत म्हणाल्या. "आमच्याकडे केव्हाच अंधार पडला. तुमच्याकडे उजेड असेल ना अजून?"

"आहे थोडा."

"मग शोधा. मी हात धरून ठेवते."

बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि सुजीतच्या हातून मशीन घेतलं. सुजीतने गाडीचे दिवे लावले. बाबा त्या उजेडात मशीन हलवत, वाकून, एकेक पाऊल सरकत राहिले. फोनमध्ये तळवा तसाच होता. मागून समिधाचा आवाज आला, "आई, हात खाली घे गं, दमशील." हात खाली गेला नाही.

मशीन वाजलं. अगदी सकाळसारखं गोड. बाबा गुडघ्यावर कोसळलेच, दोन्ही हातांनी उकरलं आणि काहीतरी मुठीत धरून दिव्यांपाशी आले. मूठ उघडली. कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी होती.

ते तसेच तळहाताकडे बघत उभे राहिले. आईंना ते दिसू नये म्हणून मी फोन छातीशी घट्ट दाबून धरला.

"मिळाला का गं?" माझ्या छातीशी आईंचा आवाज आला.