सहा आठवड्यांचे सर

मास्तरांनी परदेशातल्या उन्हाळी इंग्रजी वर्गांना नऊ अर्ज केले, आणि नऊही एकाच शहरात. बाकीच्या जगाला इंग्रजी येत होतं असं नव्हे. पण त्यांची सात वर्षांची लेक चिमी त्या शहरात राहत होती. घटस्फोटानंतर तिची आई तिला घेऊन तिकडे गेली आणि तिथेच तिने दुसरं लग्न केलं. त्याला तीन वर्षं झाली होती.

आठ ठिकाणांहून नकार आले. नवव्या ठिकाणच्या मुलाखतीला मास्तर कॅमेऱ्यासमोर बसले ते वर इस्त्रीचा शर्ट, टाय आणि खाली घरातला लेंगा अशा थाटात.

"आमच्याच शहरात का यायचंय?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"हवा मानवेल," मास्तरांनी ठोकून दिलं.

तिथला नेहमीचा शिक्षक ऐनवेळी आजारी पडला होता, म्हणून यांची वर्णी लागली. सहा आठवडे.

मास्तरांनी चिमीच्या आईला फोन केला.

"घरी नको येऊस," ती म्हणाली. "आत्ता कुठे घडी बसतेय. हे इतकं करतात तिचं, तरी अजून यांना काकाच म्हणते. तुझ्या वर्गात नाव घालते तिचं. नऊ ते बारा. तेवढंच."

तेवढंच तर तेवढंच! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्या दिवशी चौदा पोरं जागा पकडायला धावली. चिमी मात्र सरळ टेबलापाशी आली. फोनवर दिसायची त्याहून उंच झाली होती.

"बाबा?" ती हळूच म्हणाली.

आणि इथे मास्तरांनी माती खाल्ली. त्यांचे वडील शिक्षक, आजोबाही शिक्षक. त्या घरात पोर बापाच्या वर्गात गेलं की बापाचा सर व्हायचा. झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको. मास्तरांनी स्वतः चार वर्षं वडिलांना सर म्हटलं होतं आणि इतरांपेक्षा दोन छड्या जास्तच खाल्ल्या होत्या. तेच जिभेवर आलं.

"वर्गात सर म्हणायचं हं, बाळा."

चिमीने मान डोलावली आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पोरगी गुणाची. एकदा सांगितलं ते सांगितलं. "सर, झालं." "सर, पाणी पिऊन येऊ?" वर्गाबाहेर ती आपल्याला भेटणारच नाही, ही साधी गोष्ट बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या टाळक्यात शिरायला दोन आठवडे लागले. मग शब्द मागे घ्यायची लाज. उद्या सांगू, परवा सांगू. तिची वही ते सगळ्यांत शेवटी तपासायला घेत आणि तपासून झाली तरी उघडीच ठेवत. असे सहा आठवडे सरले.

शेवटच्या दिवशी बारा वाजता वर्ग रिकामा झाला. चिमी दप्तर भरत होती. मास्तर तिच्या बाकाशी गुडघे टेकून बसले.

"चिमे, आता वर्ग संपला. आता मला बाबा म्हण."

चिमी गोंधळली. बाहेर हॉर्न वाजला.

"पण सर," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा बाहेर गाडीत थांबलेत."

मास्तर उठले. तिचं दप्तर उचलून तिच्या पाठीला लावलं, पट्टा सरळ केला.

"मग पळ," ते म्हणाले. "बाबांना ताटकळत ठेवू नये."