प्रबुद्धची बहीण

"मॅडम, ह्या यीस्टचा नान होतो का?"

प्रयोगशाळेत मागच्या रांगेत उभी असलेली गौरी तोंडावर ओढणी दाबून खाली वाकली. ही प्रयोगशाळा बघायला निघालेल्या शाळेच्या बसने हैदराबादचं दिलसुखनगर ओलांडायच्या आतच तिने पैज लावली होती: हिंमत असेल तर तिथल्या मोठ्या मॅडमना हे विचारून दाखव, मिर्ची भजी माझ्याकडून. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज ऐकू यायचा नाही ती शिवानी, वक्तृत्वाचं बक्षीस काय मिळालं, आता कुणाच्याही पैजेला भिडत होती.

पद्मजा मॅडम हसल्या. रोग करणाऱ्या यीस्टवर त्यांचं संशोधन चालायचं. आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत त्या म्हणाल्या, "नानचं यीस्ट म्हणजे ह्याचं लांबचं नातेवाईक. हे आपल्या तोंडात, पोटात राहतं. तुझ्याही. एरवी गरीब असतं बिचारं. पण अशक्त माणसाच्या रक्तात शिरलं की घात करतं. नाव कँडिडा."

पोरी हसत होत्या. शिवानी हसायची थांबली.

हे नाव तिने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. ती लहान असताना, काचीगुडा स्टेशनवर नांदेडच्या गाडीची वाट बघताना, बाबांनी मध्येच सांगून टाकलं होतं: तुला मोठा भाऊ होता, प्रबुद्ध. दिवस भरायच्या आधीच जन्मला, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला, रक्तात कँडिडा झाला आणि गेला. "आईसमोर नाव नको काढू."

तिने काढलं नाही. पण मनातल्या मनात ती त्याला वाढवत राहिली. ती नववीत गेली तेव्हा तो बारावीत गेला, त्याला मिसरूड फुटली, स्कूटर शिकव म्हटलं की तो कारणं सांगायला लागला. मैत्रिणी आपापल्या भावांच्या तक्रारी सांगत, तेव्हा उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तशी ती ऐकत बसे.

मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं लावली. "ऊब लागली, रक्त लागलं, की बाहेरून पेशीच्या आत निरोप जातो. तो पोचवणारी जनुकं असतात. निरोप पोचला की भिंतीची नवी बांधणी सुरू होते आणि गोल पेशीतून असा लांब धागा निघतो. तो शरीरात घुसतो. आता हे दुसरं बघा. ह्यातलं निरोप नेणारं एक जनुक आम्ही काढून टाकलंय. भिंत कच्ची राहिली, धागा निघालाच नाही. औषध घातलं की पटकन फुटतं हे."

शिवानी त्या गोल ठिपक्यांकडे बघत राहिली. एवढंसं काहीतरी तेव्हा अडलं असतं तर?

पोरी कँटीनकडे पळाल्या. गौरी दारातून ओरडली, "ए वक्त्या, चल की. मी हरलेय ना, मग भजी खाणार कोण, तुझे फुफा?"

"तू हो पुढे," शिवानी म्हणाली आणि मॅडमकडे वळली. तिला आई आठवली: कोठी भागातल्या चष्म्याच्या दुकानातून कामावरून आली की कोपरापर्यंत हात धुते. बाळ कुणाचंही असो, घेत नाही. "मॅडम, बाळाला हे आईच्या हातून लागतं का?"

"कुणाचं बाळ?"

"माझा भाऊ. मोठा."

मॅडम म्हणाल्या, "लागू शकतं. आईकडून, नर्सकडून, एखाद्या नळीवरून. नेमकं कुठून, ते कुणालाच सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?"

संध्याकाळी आई बेसिनपाशी हात धूत होती.

"आई, मी आज कँडिडा बघितला."

पाणी वाहत राहिलं. "बाबांनी सांगितलं होय तुला?"

"हौ. कधीचंच. तुझ्यासमोर नाव काढायचं नाही म्हणाले."

"आणि मला म्हणाले, पोरीला भिववू नको." आईने नळ बंद केला.

शिवानीने मॅडमचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. आई रडेल, निदान हलकी तरी होईल, असं तिला वाटलं होतं.

"हे तर डॉक्टर तेव्हाच बोलले," आई म्हणाली. "ते काय विचारत बसलीस? त्याचं विचार की."

"त्याचं काय?"

"कसा होता, काय होता. कुणी विचारलंच नाही गं." आई ओले हात तसेच धरून उभी होती. "पेटीला गोल खिडकी होती, त्यातून हात घालू द्यायचे. डोळे मिटलेले असायचे, पण बोट लावलं की धरायचा. सोडायचाच नाही. त्याच बोटानं दिलं असंल मी त्याला, असं वाटतं अजून. पण त्यानं धरलं होतं, तेही खरंच ना?"

"कुठलं बोट?"

आईने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. साबणाने पांढरं पडलेलं, नखाजवळ चिरलेलं. शिवानीने ते मुठीत धरलं.

बाबा कधी आले, कळलंच नाही. हेल्मेट डोक्यावर ठेवूनच दारात उभे होते. "काय झालं, रेणुका?"

"प्रबुद्धचं बोलतोय," आई म्हणाली.

बाबांनी हेल्मेट काढलं, कुठे ठेवावं ते न सुचून हातातच धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. "केस लई होते त्याला," ते म्हणाले.

"कानावर यायचे," आई म्हणाली.

"मी एक ठरवलंय," आईचं बोट न सोडता शिवानी म्हणाली. "उद्यापासून कुणी विचारलं ना, भावंडं किती, तर मी एकटीच असं सांगणार नाही. आम्ही दोघं म्हणणार. थोरला प्रबुद्ध, धाकटी मी."