शंभर वाव दोर

"तुमी भरती बगून येता, साहेब. मुद्दाम येता."

मनुबाईनं हे कचेरीत, पंख्याखाली, सगळ्या कारकुनांदेखत सुनावलं. रेतीचे परवाने देणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मासळीच्या रिकाम्या पाटीकडे पाहिलं.

"मी कॅलेंडर बघून येतो, बाई. पाणी बघून यायला मी काय बोईट आहे?"

कारकून हसले. मनुबाईही हसली, कारण भरतीबरोबर काठाला येणारे बोईट मासे तिनं जन्मभर पकडले होते.

डोंबिवलीपलीकडच्या तिच्या गावी, उंबरखारात, साहेब तीनदा पाहणीला आले होते. तिन्हीदा अमावास्या नाहीतर पौर्णिमा, आणि वेळ टळटळीत दुपारची. त्या वेळी तिथे खाडी काठोकाठ असते, हे कोळ्याच्या पोराला शाळेत घालायच्या आधी कळतं. रेती उपसणाऱ्या सक्शन पंपांनी पाडलेले खड्डे पाण्याखाली गडप. साहेब बांधावर उभे राहायचे, रुमालानं मान पुसायचे आणि लिहायचे: उत्खनन नियमानुसार बांधापासून सहाशे फुटांपलीकडे, तक्रारीत तथ्य नाही. पाहणीची तारीख कोण सुचवायचं? रेतीच्या ठेकेदाराचा मुकादम. त्या बेट्याला तिथ्या तोंडपाठ.

आणि मनुबाईचं घर बांधाला लागून, अगदी शेवटचं. बांधाचा पाया रोज थोडा थोडा खड्ड्यात घसरत होता. आषाढाचं उधाण आलं की पहिली तिची चूल वाहून जाणार, मागोमाग गावाची भातखाचरं. गावानं ग्रामसभेत ठराव केला होता: परवान्याआधी खड्ड्यांचं बांधापासूनचं अंतर ओहोटीला मोजायचं, आणि मोजायच्या दोराचं एक टोक गावाच्या हातात. ठराव तीनदा पाठवला. पोचल्याचा शिक्का तीनदा आला. उत्तर एकदाही नाही.

"आमीपन रेती काडली," तिचा दीर नाथा म्हणायचा. तो जुना डुबीवाला, बादली घेऊन बुडी मारणारा. "पन आमी काडायचो तेवडी खाडी पुडच्या उधानाला भरून द्यायची. ह्यो पंप खाडीचा घास तोंडातून काडून घेतो."

होळीच्या आठ दिवस आधी मनुबाईनं डोकं चालवलं.

"साहेबाला भरतीलाच बोलवा," ती म्हणाली. "होळीला पौर्नमाच हाय. सत्कार ठेवा. होडीनं आना. फकस्त जाऊ देऊ नका."

"आनि हारतुरे?" शेजारच्या भागीरथीनं विचारलं.

"घाल गो. मान वाकंल एवडे घाल."

सत्कार म्हटल्यावर साहेब आले. दुपारी एक वाजता, भरल्या खाडीतून, नाथाच्या होडीत, मागे शिपाई आणि मुकादम. काठावर ढोलकी, सनई, नव्या लुगड्यांतल्या चाळीस बाया. पहिला हार पडला तेव्हा साहेब लाजले. अकरावा पडला तेव्हा दिसेनासे झाले. मग जेवण: जिताड्याचं कालवण, तळलेली कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या. साहेबांनी दोनदा मागून घेतलं, शिपायानं मोजणं सोडून दिलं. मग भाषणं. नाथानं आभार मानायला पाऊण तास घेतला. त्यात त्यानं साहेबांच्या बुटांचेही आभार मानले.

मुकादमाचं लक्ष पाण्याकडे होतं. तो तीनदा उठला. तिन्हीदा भागीरथीनं त्याचा हात धरून त्याला नाचायला ओढलं.

"अहो मावशी, मला जायचंय."

"जाशील रे. आदी कंबर हलव. नायतर ठेकेदाराला सांगते, मुकादम लाकडाचा हाय."

तो हलवत राहिला. ढोलकीवाला थांबेना. हसता हसता बायांच्या बांगड्या वाढल्या, एकीची नथ कालवणात पडली. पाच वाजून गेले तेव्हा साहेब ढेकर देत उठले आणि किनाऱ्यावर येऊन थबकले. खाडी उठून गेली होती. होडी चिखलावर कलती पडलेली. आणि समोर, उन्हात उघडे, खड्डे. एकेक खड्डा घराएवढा खोल. मासेमारीचे जुने खुंट बुडासकट आडवे. बांधाच्या पायाला तर एवढी भगदाडं, की आत एक कुत्रं निवांत झोपलेलं.

साहेब बांधावरून सडक गाठायला झपाझप निघाले. वीस पावलांवर दोर आडवा आला. एका टोकाला मनुबाई, दुसरीकडे उरलेलं वेटोळं घेऊन भागीरथी, मागे अख्खा बायांचा घोळका.

"होळी हाय, साहेब. पोस्त दिल्याबिगर वाट नाय."

ही तिथली रीत. होळीला बाया दोर धरून वाट अडवतात, पोस्त म्हणून काहीतरी घेतात, मगच सोडतात. मंत्री असो की जावई. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातून नोट काढली.

"ती ठेवा," मनुबाई म्हणाली. "आमचं पोस्त येगलं हाय. ह्यो दोर बगा. जाल्याचा हाय, शंभर वाव. वाव म्हंजे दोन हात पसरून ह्या बोटापासून त्या बोटापरेंत, सा फूट. शंभर वाव म्हंजे किती, साहेब?"

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाच्या तोंडून निसटलं, "सहाशे फूट."

"हुशार हाय. धर टोक, जा खड्ड्यापाशी."

शिपाई निघाला. चिखलात घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग एक चप्पल गेली. भागीरथी हात पसरून एकेक वाव दोर सोडत होती, बाया बांधावर बसून हसत मोठ्यानं मोजत होत्या, प्रत्येक वावेला ढोलकीवर थाप. दहा. अकरा. बारा. चौदाव्या वावेला शिपाई खड्ड्याच्या काठावर पोचला आणि त्यानं हात वर केला. उरलेला दोर भागीरथीच्या पायाशी वेटोळं घालून पडला होता. केवढा तरी होता.

ढोलकी थांबली. हसणंही थांबलं. मुकादम घामेजलेला, कंबरेवर हात ठेवून तसाच उभा.

"हे मी कचेरीत जाऊन बघतो," साहेब म्हणाले.

"कचेरीत चिखल नाय." मनुबाईनं कमरेला खोचलेला कागद काढला. ग्रामसभेचा ठराव, चौथी प्रत, घामानं ओला. तिनं तो साहेबांच्या गळ्यातल्या हारांवर ठेवला आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. "पुऱ्या भरतीला आठ तास हायती. आमी बसलो. नुसती सही मागत नाय मी. उत्तर मागते. ओहोटीला मोजायचं, गावाच्या हातात दोर देऊन: होय का नाय? नाय असंल तर नाय लिवा. पन आज लिवा, साहेब. काय लिवताय?"